शिलाईच्या दुकानाखालची राणी

पाणी खात्यातली माणसं त्यांना ठोकेमामा म्हणत. शहराच्या पोटात पाण्याची जुनी भुयारं होती आणि मामा तिथं हातोडी घेऊन फिरत. भिंतीवर ठोकायचं, कान लावायचा. आवाज पोकळ आला की खडूनं खूण करायची. खालचं वर कुणाला सांगायचं नाही, असा खात्याचा दंडक. मामा पक्के. घरीसुद्धा एकच उत्तर, "पाण्याचं काम."

पण माणूस तोंड शिवेल, हात कसा शिवणार? बायकोच्या शिलाईच्या दुकानाखालून जाताना मामा छताला हटकून ठोके देत. 'आहे गं मी इथं,' एवढंच.

वर त्या ठोक्यांची राणी झाली. कुण्या राजानं भुयारात कोंडलेली, हिऱ्यांच्या बांगड्या आपटते म्हणे! बाया झग्याचं माप द्यायला येत आणि जाता जाता राणीला विचारून घेत, "पोरगी पास होईल का गं?" ठक ठक! दुकान धो धो चाललं.

आता निवृत्ती दारात आली आणि मामांना घोर लागला. राणी गप्प झाली तर दुकान बसणार. सांगावं तर खात्याचा दंडक मोडतो. शेवटी जेवताना त्यांनी खडा टाकला.

"अगं, तुमची ती राणी कंटाळून निघून गेली तर?"

"जाईना का. तुम्हाला ताप आला तेव्हा तीही अंथरुणाला खिळली होती."

मामांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुला ठाऊक..."

"मी कुठं काय म्हटलं? पाण्याचं काम तुमचं. भात वाढू?"

निवृत्तीनंतर मामा दुकानात बटणं लावायला बसले. बेकरीवाली नणंदेला घेऊन आली. "राणीबाई, नवी भट्टी घेऊ का?"

खाली चिडीचूप. मामांनी सुई बोटात खुपसून घेतली.

"ऐकलंस? हो म्हणाली!" बेकरीवाली उजळली.

"कुठं काय वाजलं?" नणंद म्हणाली.

"तुझे कान म्हणजे नुसते डूल अडकवायला! भाऊजी, तुम्ही सांगा, वाजलं ना?"

बायकोची कात्री थांबली. जन्मभर खऱ्या आवाजावर पोट भरलेल्या मामांनी घसा साफ केला.

"वाजलं की. पण जरा खोकल्यासारखं. खाली गारठा फार असतो ना."

"तुम्हाला हो काय ठाऊक?" बेकरीवालीनं विचारलं.

"त्यांना काय कळतंय!" हसू दाबत बायको टेप घेऊन मध्ये घुसली. "हात वर करा वहिनी, माप चुकेल."

नणंदही रांगेत उभी राहिली. तिलाही काहीतरी विचारायचं होतं.