वसंताचं चालणं

शुगरवाले दोस्त रोज एकत्र बसले की किस्से आपोआप साचतात. गोळ्या संपतात, किस्से संपत नाहीत! मांजरसुंब्यात आमचा असा पाच-सहा जणांचा घोळका आहे. त्यात माझा लहानपणापासूनचा दोस्त वसंता, कापड दुकानवाला. डॉक्टरनं त्याला बजावलं होतं, "रोज चाला, नाहीतर पाय गमवाल." त्याला चालवायचं काम मी अंगावर घेतलं. हे किस्से पूर्वी हसत सांगायचो. आता हसू येत नाही.

*

पहिल्याच सकाळी दोघं निघालो. जरा चाललो की मोटारसायकल थांबायची. "शेठ, गाडी बिघडली का? बसा की!" नाही म्हटलं तर माणूस रुसतो इकडं. एकानं तर वसंताच्या घरी फोन केला, शेठ भांडून पायीच निघालेत म्हणून! पोरगा जीप घेऊन हजर. वसंता चढला बी! वर मला म्हणतो, "ये बे, दमला आसशील!"

*

मग ठरलं, गावाबाहेर हायवेच्या कडेनं चालायचं. हा तिथवर मोटारसायकलवर यायचा, पुलाच्या कठड्यावर बसायचा आणि तासभर राजकारण! घरी वहिनींनी विचारलं, "फिरून आलात का?"

"लई फिरलो!"

खोटं कसं म्हणू? पेट्रोल तर जळलं होतं.

*

एकदा मी लईच भांडलो, तेव्हा महिनाभर खरंच चालला. शुगर उतरली. मला रडूच यायचं बाकी होतं! दुसऱ्या सकाळी पठ्ठ्या आलाच नाही. दुकानात जाऊन बघतो तर पेढे वाटतोय.

"कावून बे, चालायचं न्हाई का?"

"आता कशाला? बरी झाली की शुगर!"

कपाळ माझं!

*

शुगर पुन्हा चढली, तळपाय बधिर झाले. आता वसंता स्वतःच घाबरला. आणि घाबरून केलं काय? लिंबागणेशच्या गणपतीला अनवाणी चालत जायचा नवस!

"अरे, चप्पल तरी घाल!" मी ओरडलो.

"नवसाला चप्पल आसती का बे? व्यायाम बी हुतो, पुण्य बी लागतं."

भर उन्हात डांबरी रस्त्यानं गेला. आला तो हसतच. "तू उगंच भेवडवीत हुतास. पायाला कायबी कळलं न्हाई. देवाची किरपा!"

सगळ्यांनी कौतुक केलं. वहिनी पाय धुवायला बसल्या, तर डाव्या तळव्यात खिळा. त्यांनी तो ओढून काढला. वसंता चहा पीत होता.

*

डावा पाय गुडघ्याखाली कापला. दवाखान्यात गेलो तेव्हा शिव्या ओठांवर आल्या होत्या. वसंता पडून होता. अंगावर चादर, डोळे छताकडं.

"टाच लई दुखायलीय बे," तो म्हणाला. "जरा दाब की."

मी चादरीखाली हात घालून त्याचा पाय दाबायला लागलो.

"ही न्हाई बे," वसंता म्हणाला, "डावी."