पुंगोलहून अमेरिकेला, ब्रिटिश म्हणून

आमचा सिंगापूरचा शनिवारचा अड्डा जुरोंग ईस्टला, मित्र खानोलकरच्या घरी. पूर्वी तिथे विषय दोनच, कॉन्डोचे भाव आणि गुडघे! पण ज्या वर्षी कुणाचं पोर अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीला अर्ज करतं, त्या वर्षी किस्से इतके साठतात की चहा गार झाला तरी कुणी कपाला हात लावत नाही. गेलं वर्ष आमचं होतं. म्हणजे माझं, बायको शलाकाचं आणि आमच्या लेकीचं, सईचं.

सईला एकच युनिव्हर्सिटी हवी होती. भलेभले तिथून नकार घेऊन परत येतात! तिथे मुदतीआधीचा, लवकरचा अर्ज करायचा, तर तसा दुसरीकडे कुठेच करता येत नाही. तिने तो तिथेच केला. दृष्ट लागू नये म्हणून शलाकाने घरात त्या युनिव्हर्सिटीचं नाव घ्यायलाच बंदी केली. आम्ही नुसतं ‘ते’ म्हणायचो, जुन्या बायका नवऱ्याला म्हणायच्या तसं.

*

सईचा जन्म इंग्लंडातल्या रेडिंगचा, पासपोर्ट ब्रिटिश, आणि सिंगापूरला आलो तरी शाळा ब्रिटिश पद्धतीचीच. तेव्हा अर्जही ब्रिटिश विद्यार्थिनी म्हणून. हे मी ठाण्याला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर नीट समजावून सांगितलं.

अण्णा म्हणाले, “अरे, एवढं झगडून त्यांना घालवलं, आणि तू घरातच एक तयार केलीस?”

*

इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटीला अर्ज करताना आपल्या विषयाबद्दल लिहायचं असतं. अमेरिकेचं तसं नाही. त्यांना निबंध हवा, आणि तोही स्वतःवर! सईने पहिला खर्डा लिहिला. त्यात काय, तर मला केमिस्ट्री बऱ्यापैकी जमते, त्याचं श्रेय शिक्षकांना, वर्गात माझ्यापेक्षा हुशार मुलं आहेत.

खानोलकरचा मुलगा आदल्याच वर्षी अमेरिकेला गेलेला, त्यामुळे खानोलकर आमच्यातला एक्स्पर्ट. त्याने खर्डा वाचून चष्मा वर केला.

“अगं, हा अर्ज आहे की माफीनामा?”

“काका, स्वतःची तारीफ कशी करायची? सो एम्बॅरसिंग लाह!” सईच्या इंग्रजीला इथलं ‘लाह’चं शेपूट असतंच.

“मग निदान संघर्ष तरी लिही. त्यांना संघर्ष लागतो!”

घरी येऊन आम्ही तिघं संघर्ष शोधायला बसलो. अर्धा तास झाला, एक सापडेना! आईबाप म्हणून आपण फारच कमी पडलो, असं मला मनापासून वाटायला लागलं. शेवटी शलाका उजळून म्हणाली, “आपली लिफ्ट तीन दिवस बंद होती की!”

“आई,” सई म्हणाली, “वुई लिव्ह ऑन द सेकंड फ्लोअर.”

मग तिने आम्हाला खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि एकटीने लिहिलं. तेच बरं झालं.

*

शिफारसपत्र देणारे तिचे केमिस्ट्रीचे सर अस्सल इंग्रज. पालकसभेत मी विचारलं, कशी आहे हो आमची सई? सर थोडा विचार करून म्हणाले, “नॉट बॅड. नॉट बॅड अॅट ऑल.”

झालं! हेच पत्रात लिहिलं तर संपलंच की सगळं! परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी फोनवर दुसऱ्या युनिव्हर्सिट्या शोधायला लागलो. शलाका मात्र मजेत.

“संदीप, अरे इंग्रज आहे तो, ही त्याची सगळ्यात मोठी स्तुती! आणि तू रे? मी पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या तेव्हा काय म्हणालास? ‘बऱ्या आहेत.’ वर सात खाल्ल्यास!”

*

इंटरव्ह्यू एका कॉफी शॉपमध्ये होता. घेणार होत्या त्याच युनिव्हर्सिटीत शिकलेल्या, इथल्याच एक बाई. सईने बजावलं होतं, “बाबा, तू यायचं नाहीस.” मी गेलो नाही. त्यांच्या आधीच जाऊन दोन टेबलं सोडून बसलो, तोंडासमोर पेपर धरून!

चाळीस मिनिटांनी बाई माझ्यासमोर उभ्या.

“सर, तुम्ही मघापासून एकही पान उलटलं नाही. या, आमच्यात बसा. मी हिला विचारलं, तुझी सगळ्यात जास्त काळजी कोण करतं? तर हिने नुसतं बोट दाखवलं.”

*

आणि निकाल! डिसेंबरमधली सकाळ, इथले आठ. साडेसातलाच सई घरातून गायब. मेसेज आला, “एलआरटीत आहे. कोणी येऊ नका.” अर्थात मी गेलो! आमच्या पुंगोलची एलआरटी, म्हणजे मेट्रोची छोटी गाडी, गोल फिरते, त्यामुळे स्टेशनवर उभं राहिलं की पोर येणारच. तिसऱ्या गाडीत दिसली. मांडीवर फोन पालथा.

मी शेजारी बसलो. तिने फोन माझ्या हातात दिला. “बाबा, तू बघ.”

उघडला, आणि चष्मा घरी! सगळी अक्षरं धूसर. सईने तर डोळे गच्च मिटलेले. समोर भाजीची ट्रॉली घेऊन एक चिनी आँटी बसली होती, फोन तिच्यापुढे धरला. तिने सावकाश वाचलं आणि ओरडली, “वाह! गॉट इन लाह!”

अख्ख्या डब्याने टाळ्या वाजवल्या हो! सई माझ्या गळ्यात पडून रडायला लागली, मी फोनवर शलाकाला ओरडून सांगत होतो, “झालं! झालं! मिळालं!”

आँटी डोळे पुसत म्हणाली, “अमेरिका आह? सो फार! देन पापा हाऊ?”

“कॅन, आँटी,” मी इथल्यांसारखंच म्हटलं, म्हणजे जमेल. “कॅन, कॅन.”

आमचं स्टेशन आलं. दारं उघडली. फोनवर शलाका ओरडत होती, “अरे, कुठे आहात? या ना लवकर घरी!”

“आलोच!” मी म्हटलं.

आणि आम्ही दोघांनी अजून दोन फेऱ्या मारल्या.