दिव्यांची उलटतपासणी

माझ्या मावशीइतका उजेडावर संशय घेणारा माणूस सबंध रायपुरात दुसरा नसेल. लोक दिवा लावतात आणि कामाला लागतात. मावशी दिवा लागला की त्याची उलटतपासणी सुरू करते. कोणाच्या नव्या घरी गेली की सोफा, पडदे, स्वयंपाकघर यांतलं काही तिला दिसत नाही. ती आधी छताकडे बघते, मग भिंतींच्या कोपऱ्यांकडे, आणि मग असा चेहरा करते की यजमानाला वाटावं आपलीच काहीतरी चोरी पकडली गेली. "दिवा मधात चांगला हाय," ती म्हणते, आणि कडेचं काही बोलत नाही. ते न बोललेलं ऐकून किती तरी जणांनी महिन्याभरात दिवे बदलले.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. शहराबाहेर, उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दिव्यांच्या कारखान्यात ती तपासणी विभागाची प्रमुख होती. बाहेर ट्रक, रोलिंग मिलची धूळ आणि भोंगे. आत चारही भिंती काळ्या रंगवलेली एक बिनखिडकीची खोली आणि तीत मावशी. पसरट झोताचे दिवे आणि लेझर मोजणं हे तिचं काम. सरळ, बारीक झोत मोजायला सोपा, तो थेट कॅमेऱ्याच्या सेन्सरवर घ्यायचा. पण एलईडीचा उजेड खोलीभर फाकतो आणि सेन्सर नखाएवढा. मग एक तर समोर दुधी पडदा ताणून त्यावर पडलेल्या उजेडाचा मागून फोटो काढायचा, नाही तर दिव्याभोवती अर्धगोल कमान उभी करून तिच्यावरून मीटर अंशाअंशाने सरकवत न्यायचं. मावशी दोन्ही करायची. "फोटो म्हणजे साक्षीदार, मीटर म्हणजे पंचनामा," असं तिचं मत होतं. आणि प्रत्येक आकडा तीनदा. "एकडाव घेतलेलं रीडिंग म्हणजे अफवा."

कारखान्याच्या मालकाशी तिचं रोज भांडण. तो म्हणायचा, "दीदी, बीच में तो चकाचक है, पास कर दीजिए." मावशी म्हणायची, "बीच में तो सब चमकते हैं, भैया. किनारा दिखाओ." मालक तिला काढून टाकू शकत नव्हता, कारण तिने पास केलेला दिवा कधी परत आला नाही. तो फक्त तिचा पगार वाढवायचं विसरायचा, आणि हे विसरणं त्याने अनेक वर्षं न विसरता केलं.

शाळेत असल्यापासून तिच्या घरच्या प्रयोगांत मीटर धरायचं काम माझ्याकडे होतं. घरात बाकी सगळे बोलके, मी नाही. मावशीला मदतनीस म्हणून हेच हवं होतं. ती मराठीत हुकूम सोडायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे, ते तिला खटकायचं. "मराठीत बोल नं वो पोट्टी, मीटरले समजते मराठी." पण एरवी तिच्या तोंडी एकच वाक्य असायचं: "हालू नको."

तिच्या पर्समध्ये पावडर, कंगवा नसायचा; घडी केलेला दुधी प्लास्टिकचा कागद आणि छोटं मीटर असायचं. तेलीबांधा भागातल्या एका हॉलमध्ये चुलतभावाचं लग्न होतं. अक्षता पडल्या आणि मावशी स्टेजवर चढली. सगळ्यांना वाटलं आशीर्वाद द्यायला. तिने नवरानवरीच्या मध्ये तो कागद उभा धरला आणि डोकं तिरपं करून बघत राहिली. फोटोग्राफर ओरडला, "आंटी, हटिए ना!" मावशीने खाली उतरून नवऱ्याच्या बापाला, म्हणजे आमच्या काकांना, शांतपणे सांगितलं, "भावजी, तुमच्या पोट्ट्याचं अर्धं तोंड अंधारात हाय. फोटोत तसंच येईल." फोटोत तसंच आलं, हे सांगायला नको. त्याच लग्नात, मी कूलरच्या मागे शेवटच्या खुर्चीत सुखाने बसलेली असताना, तिने पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून हाळी दिली, "अरे, त्या कोपऱ्यातल्या पोट्टीले कोणी आइस्क्रीम दिलं का?" दोनशे डोळे माझ्याकडे वळले. मला त्या क्षणी ती अजिबात आवडली नाही. पण हेही खरं की त्या हॉलमध्ये मी आले आहे हे दुसऱ्या कोणाच्या लक्षातही नव्हतं. मावशीची नजर कायम कडेला असायची.

मग ती धडकायला लागली. आधी दाराच्या चौकटीला. "या पॅसेजातला दिवा बेकार हाय." मग डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा ग्लास सांडला. "टेबलावर एका अंगाले उजेडच नाही, दिसन कसं?" सदर बाजारात एक स्कूटर तिला घासून गेली आणि ती रस्त्यात उभी राहून त्या पोराला झापत होती, "हेडलाइट की किनार कटी है तेरी! कंपनी ने काटी है!" पोरगा म्हणाला, "आंटी, दोपहर है, लाइट बंद है." ही गोष्ट आमच्याकडे वर्षभर पाहुण्यांना सांगितली गेली. बाबा तर नक्कल करून दाखवायचे. मावशीही हसायची.

मला राग येतो तो इथे. साधीसुधी बाई चार वेळा दाराला धडकली असती तर आठ दिवसांत तिला डॉक्टरकडे नेलं असतं. आमची मावशी विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या प्रत्येक ठेचेमागे एक दिवा उभा होता, आणि दिव्यांबद्दल ती एरवी बरोबरच असायची. तिच्या खांद्यावरचे काळेनिळे डाग आम्ही तिच्या स्वभावाच्या खात्यात टाकत गेलो. प्रेमळ माणसांच्या घरात असं होतं. एखाद्याची गंमत ठरली की मग त्याला दुसरं काही होण्याची परवानगी नसते.

एका उन्हाळ्यात तिने जाहीर केलं की हॉलमधला दिवा डावीकडे मेला आहे. बाबांनी नवा आणला. तोही डावीकडे मेलेला. "सगळ्या कंपन्या चोर," मावशी म्हणाली. बाबा म्हणाले, "ताई, आता सूर्यच बदलून आणू का?" आई हसली. दुपारी सगळे पांगल्यावर तिने पडदे ओढले, दिवा खाली उतरवून टेबलावर ठेवला, त्याच्याभोवती घरची लाकडी कमान मांडली आणि मला हाक मारली.

उजव्या बाजूचे आकडे मी वाचले. मग डाव्या बाजूचे. जितका उजेड उजवीकडे, तितकाच डावीकडे.

"परत घे."

परत घेतले. तेच.

"तू नीट धरून नाही राहिली. हालू नको. परत."

तिसऱ्यांदाही तेच. मी कमानीच्या डाव्या टोकाशी मीटर धरून उभी होते, तिच्यापासून दीड हातावर. मावशी सरळ दिव्याकडे बघत होती.

"तू हायेस कुठं?" तिने विचारलं.

"यहीं हूँ, मावशी."

तिने मान वळवली, तेव्हा मी तिला सापडले. मग तिने पुन्हा समोर पाहिलं, एक डोळा झाकला, मग दुसरा. मी हिंदीत बोलले म्हणून रागावलीसुद्धा नाही. शेवटी मीटर माझ्या हातातून घेऊन तिने ते बंद केलं आणि म्हणाली, "दिवा पास हाय."

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला एका पांढऱ्या अर्धगोलासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कडेला कुठे उजेडाचा टिपूस दिसला की बटण दाबायचं. तिच्याच कमानीसारखा तो प्रकार, फक्त दिव्याच्या जागी आता ती होती. तपासणाऱ्या मुलीला तिने आधी आतला दिवा कोणत्या कंपनीचा, किती दिवसांनी तपासता, असं सगळं विचारून घेतलं. मुलगी म्हणाली, "आंटी, बस बीच में देखिए, किनारे मत देखिए." मावशी म्हणाली, "पूरी जिंदगी किनारा देखा, बेटा. अब बोलती है बीच में देखो."

कागदावर दोन वर्तुळं आली. मध्ये थोडा पांढरा भाग, उजवीकडे जरा राखाडी, बाकी सगळं काळं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. तो कडेकडून खात येतो म्हणून कळत नाही. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी सांभाळायचं. लवकर का नाही आणलंत, असं त्यांनी आईला विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. निघताना ती मुलगी कौतुकाने म्हणाली, "आंटी, आपका टेस्ट एकदम भरोसे का आया है. लोग तो अंदाजे से बटन दबा देते हैं." ऑटोत मावशी घरापर्यंत हेच सांगत होती. "ऐकलं का? अंदाजानं एकही नाही दाबलं."

नोकरी तिने स्वतःच सोडली. मालकाने शाल दिली आणि एक टेबललॅम्प, बारीक झोताचा, फक्त मधे उजेड पाडणारा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मी स्वतःला अधूनमधून बजावते. आता कारखान्याचे दिवे कोण पास करतं माहीत नाही. पण आमच्या रस्त्यावर लागलेल्या नव्या खांबांच्या खाली तेवढे उजेडाचे स्वच्छ गोल पडतात आणि दोन खांबांच्या मध्ये माणूस दिसेनासा होतो.

परवा त्याच चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं. मी सवयीप्रमाणे भिंतीला पाठ लावून, फुलांच्या कमानीआड बसले होते. या वेळी कोणी हाळी दिली नाही. ताटं फिरली, आइस्क्रीम फिरलं, माझ्यापर्यंत काही आलं नाही. मला आयुष्यभर जे हवं होतं ते अखेर मिळालं होतं. मावशी पाळण्याजवळच्या खुर्चीत होती आणि मान हळूहळू एकीकडून दुसरीकडे नेत होती. थोडी थांबायची, थोडी वळवायची, पुन्हा थांबायची. कमानीवरून मीटर नेतात तशी. मला वाटलं ती दिवे बघते आहे. मग तिने शेजारच्या बाईला विचारलेलं ऐकू आलं, "आमची पोट्टी आली नाही का वो?"

मी प्लास्टिकची खुर्ची उचलली. बायकांच्या पायांना धक्के देत, सॉरी सॉरी म्हणत, सगळ्यांच्या नजरेसमोरून ती पाळण्यापर्यंत आणली आणि मावशीच्या बरोबर समोर ठेवून बसले.

"इथंच आहे, मावशी."

तिने माझा चेहरा पाहिला, आधी कपाळ, मग एक गाल, मग दुसरा.

"हव," ती म्हणाली. "आता हालू नको."