तीन ओळींची फट

एसटी दिंडोरीच्या रस्त्याला लागली आणि बाहेरचं जग पुसलंच गेलं. डिसेंबरातलं धुकं. मधूनच एखादा ट्रॅक्टर उगवायचा आणि बुडायचा. मांडीवरच्या पिशवीत माझी वही होती, चार वर्षांच्या आकडेमोडीची. सोमवारी पुण्यात पीएचडीच्या समितीपुढे उभं राहायचं होतं आणि "विषय बदला," असं मार्गदर्शक सरांनी आधीच सुनावलं होतं. घरी डोकं चालेना, म्हणून आतेभावाच्या, दादाच्या मळ्यावर निघाले होते. वहीची झेरॉक्स काढून ठेवावी एवढी अक्कल नव्वदच्या दशकात मला नव्हती.

दादा स्कूटर घेऊन स्टँडवर आला होता. "चार वर्षं काय शोधतेस गं एवढं?"

"वस्तुमानाने अवकाश वाकतं, हे सगळे मानतात. पण कणांना अंगचीच एक फिरकी असते. तिने अवकाशाला पीळही पडतो, असं मी म्हणते."

"पडला तर कळणार कसं?"

"मोजून उजवीकडे जायचं, मोजून पुढे, तितकंच डावीकडे, तितकंच मागे. पीळ असेल तर निघालेल्या जागी पोचत नाही. फट राहते."

"मग दाखव की!"

"तीच तर गोम आहे, दादा. ती फट कुणाला दिसेल एवढी मोठी नसते."

द्राक्षबागेत पेठकडून मजुरीला आलेल्या बायका थिनिंग करत होत्या (घडातले दाटीचे मणी कात्रीने काढणं). त्यांतल्या इंदूबाईने आपलं गठुडं सोडून मला नागलीची (नाचणीची) भाकरी आणि लसणाची चटणी दिली. अहाहा! तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तशी ती म्हणाली, "शहरातली जीभ हाय, सोसायची नाय."

मग पिशवी तिच्याजवळच्या मांडवाच्या तारेला अडकवून मी फिरायला निघाले. चालताना मला सुचतं. धुक्यात हरवू नये म्हणून उजवीकडे वीस ओळी मोजल्या, मग ओळीने पुढे तीस वेल. वर पानांचं छत, खाली ओली माती, कुठूनशी कात्र्यांची कचकच. आपण चालतोय की बागच आपल्या दोन्ही बाजूंनी सरकतेय, हे कळेना. किती सुखाचं होतं ते! डावीकडे वीस ओळी, मागे तीस वेल. पोचले.

तारेला पिशवी नव्हती.

 तेवढ्यात धुक्यातून इंदूबाई आली, काखेत गठुडं.

"माझी पिशवी कुठाय?"

"तठंच असंल की."

"इथंच होती. गठुड्यात काय आहे? सोडा बघू."

हे मी म्हणाले. तिचीच भाकरी पोटात असताना. कात्र्या थांबल्या. इंदूबाईने गठुडं सोडलं. उरलेली अर्धी भाकरी, एक जुनं पातळ, तंबाखूची डबी. मग तिने माझं मनगट धरलं आणि वेलांखालून वाकत मला शेजारच्या ओळीत नेलं, मग पुढच्या, मग तिच्या पुढच्या. तिसऱ्या ओळीत पिशवी लटकत होती.

"सगळेच चुकतात इथं," ती म्हणाली. "लागवडीला दोन टोळ्या दोन टोकांनी सुटल्या, मापाची दोरी येगळी येगळी. मधी भेटल्या, तर खालच्या अंगाला तीन ओळी जास्त. त्या मधीच संपवल्या."

मी मनात ओळी पुन्हा मोजल्या: बरोबर तीन. त्या ओळी संपतात तिथे जणू माझा फिरकीवाला कण, आणि ही माझी फट, चांगली पंचवीस फुटांची! चार वर्षं जे कागदावर मांडलं, ते पायाखाली आलं तेव्हा मला सुचलं काय, तर चोरी.

"घावली ना पिशवी?" इंदूबाई म्हणाली. "मंग आता माझं गठुडं तुमीच बांधा."

सगळ्या बायका बघत होत्या. मी बांधलं. गाठ दोनदा सुटली. 'चुकलं' एवढा एक शब्द मात्र मी म्हटला नाही.

सोमवारी समितीपुढे मी फळ्यावर द्राक्षबाग काढली, मधेच संपणाऱ्या तीन ओळींसकट. पहिल्यांदाच सर हसले नाहीत. विषय राहिला. पुढे प्रबंध छापला, तेव्हा पहिल्या पानावर इंदूबाईचे आभार मानले. सगळ्यांना ते फार आवडलं, किती मोठं मन म्हणाले. मला मात्र ते पान उघडवत नाही. तिथे माफी मागायला हवी होती.