दोन तारखांचा स्लॅब

'तक्तेबाई' हे नाव ठेवणारा मीच. बांधकाम व्यवस्थापनाची मोठी पदवी घेऊन ही पोरगी आमच्या साइटवर आली आणि पहिल्या दिवशी तिने ऑफिसच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत रंगीत पट्ट्यांचा तक्ता लावला. कुठल्या दिवशी कुठल्या मजल्यावर काय काम, सगळं त्यात. मी सेंट्रिंगचा मिस्त्री, स्लॅबखाली फळ्या आणि टेकू उभारणारा. जिन्याजवळ टेकू कमी पडतायत हे सांगायला गेलो, तर मान वर न करता म्हणाली, "मेल करा ना, मिस्त्री." सव्वीस वर्षं स्लॅबखाली काढलेल्या माणसाने मेल करायचा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून मी ठरवूनच टाकलं, कागद आला की काम करायचं, तोंड उघडायचं नाही.

बाकी पोरगी मेहनती होती, हे नाकारत नाही. वडील शिंपी, आई शाळेत शिपाई. शिष्यवृत्तीवर शिकलेली, घरात पहिलीच पदवीधर. कंपनीने तिला सहा महिने पारखून मग कायम करायचं ठरवलं होतं आणि त्यातले पाच सरले होते.

चौथ्या मजल्याचा स्लॅब अर्धा भरून झाला आणि पंप बंद पडला. उरलेला अर्धा पाच दिवसांनी भरला. ती तेव्हा मुख्य ऑफिसला गेली होती. रजिस्टरात पूर्ण स्लॅबला एकच तारीख पडली, तीही पहिली. तिने त्यावरून काँक्रीट पक्कं व्हायचे चौदा दिवस मोजले आणि टेकू काढायचा कागद सही करून पाठवला.

सकाळी दहाला माझे सहा गडी कामाला लागले. त्यांत माझ्या धाकट्या बहिणीचा नवराही होता. पहिला टेकू सुटला. मी सहज वर पाहिलं, स्लॅबच्या पोटात सांध्याची रेघ दिसली आणि लख्ख आठवलं. पलीकडची बाजू नऊच दिवसांची आहे, आणि वर विटांचे ढीग रचलेत.

मी बोललो नाही. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण नाही बोललो. सही तिची आहे, होऊ दे एकदाची फजिती, असं मनात आलं. असले स्लॅब तगतात, आपण पाहिलेत, अशी स्वतःची समजूतही घातली. दुसरा टेकू सुटला. तिसरा. मेव्हणा रेघेच्या पलीकडे, कच्च्या बाजूखाली सरकला. तरी जीभ हलेना. चौथा सुटला.

"थांबा! सगळे थांबा!"

ती जिना चढून धापा टाकत आली होती. काँक्रीटच्या चाचणीचा अहवाल नुकताच आला होता आणि त्यात स्लॅब भरल्याच्या दोन तारखा होत्या. गडी थांबेनात. त्यांना माझ्या शब्दाची सवय. तशी ती सरळ रेघेखाली घुसली आणि मेव्हण्याचा हातोड्याचा हात धरला.

"अर्धा स्लॅब कच्चा आहे. चूक माझी आहे. आधी बाहेर व्हा!"

वर कुठेतरी बारीक कर्र झालं आणि तिच्या केसांवर भुकटी पडली. तेव्हा कुठे माझ्या घशातून आवाज फुटला, "बाहेर!"

पण टेकू परत लावायचे तर कुणीतरी आत जायलाच हवं होतं. मी आणि मेव्हणा गेलो. कडेकडून एकेक उभा करत आत सरकलो. शेवटचा बसेना. स्लॅब नखभर खाली आला होता. मेव्हण्याने टेकूचा स्क्रू फिरवून तो जरा आखूड केला, मी पाया धरला आणि तो एकदाचा घट्ट झाला.

साइटच्या मोठ्या साहेबांपुढे तिने सगळं स्वतःवर घेतलं. साहेब माझ्याकडे वळले, "मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, साहेब."

तिचं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. माझं काहीच गेलं नाही. ती मात्र रोज सकाळी तक्ता बदलण्याआधी माझ्याकडे यायची आणि विचारायची, "मिस्त्री, काल नक्की काय झालं?" तक्तेबाई हे नाव माझ्या तोंडून गेलं, मॅडम आलं.

तीन वर्षांनी त्यांच्या कॉलेजने अभ्यासक्रम बदलायला घेतला. साइटवर कोणती कौशल्यं लागतात ते मुलांना सांगा, म्हणून मॅडमना बोलावलं. त्या मलाही घेऊन गेल्या, पहिल्या रांगेत बसवलं आणि नेमकी हीच गोष्ट सांगितली.

"सॉफ्टवेअर मला उत्तम यायचं," त्या म्हणाल्या, "माणसांना विचारणं येत नव्हतं. मिस्त्रींना आठवलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं असतं. मी त्यांना विचारायलाच गेले नाही."

मुलं भराभर लिहून घेत होती. प्राध्यापकांनी माइक माझ्या हातात दिला, दोन शब्द बोला म्हणाले. मी उभा राहिलो.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

पेनं थांबली. मॅडम माझ्याकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कधीपासून, मिस्त्री?"

"पहिला टेकू सुटला तेव्हापासून."