बिनकडीच्या घरातला लसूणभात

बसा हो, बसा. पोरीची ट्रंक तिथं ओसरीतच राहू द्या. चतुराबाई गंजगोलाईच्या बाजारात लसूण आणायला गेलीय, येईलच. दुसऱ्यानं आणलेला लसूण तिला चालत न्हाई. गावरान, बारक्या पाकळीचाच पायजे. आणते ती अन् सोलते मी! मी मलिका, शेजारची. माझी नखं बघा, रमजानात मेंदी लावली तरी लसणाचाच वास मारतात.

खोलीच्या दाराला आतून कडी न्हाई हे बघून तुमच्या मंडळींनी तोंड वाकडं केलं, ते दिसलं मला. बरोबर हाय, पोरीचा मामला हाय. पण या घरात आतून कडी न्हाई म्हणजे न्हाई. बाहेरच्या गेटाला एवढं मोठं कुलूप हाय, त्याची फिकीर करू नका. खोलीची कडी पायजे असेल तर लातुरात होस्टेलं काय कमी हायेत? पण जायच्या आधी ऐकून जा.

चतुराबाई किल्लारीकडची. शेती होती, दाराशी म्हैस होती. नवरा शेषेराव, एकच पोरगी, साखरा. तेरा-चौदाची असेल. भूकंपाच्या साली गणपतीचे दहा दिवस घरात कांदा-लसूण बंद होता. विसर्जनाच्या दिवशी साखरानं हट्टच धरला, आज लसूणभात कर. मग काय, आईच ती. खलबत्त्यात लसूण, लाल मिरची, मीठ ठेचलं, करडईच्या तेलात खरपूस केलं, घरचा येसूर मसाला टाकला, तांदूळ परतला. वरून अख्ख्या पाकळ्या तळून घातल्या. पोरीनं पोट फुटेस्तोवर खाल्लं. तरी पातेल्यात उरला.

पहाटे चतुराबाई म्हशीकडं जायला उठली. जाता जाता पोरीला म्हणली, "आतून कडी लाव गं, मांजर भाताला तोंड लावंल." साखरा डोळे चोळत उठली अन् कडी लावली. चतुराबाई गोठ्यापर्यंत पोचली नसेल, तेवढ्यात जमीन हलली. माळवदाचं घर, वर ढीगभर माती. शेषेराव ओसरीत झोपला होता, तो तिथंच गेला. साखराच्या दाराची फळी तेवढी मातीतून दिसत होती. आई इकडून हाक मारायची अन् पोरगी तिकडून फळी ठोकायची. चतुराबाईनं हातानं माती उपसली, बोटं सोलून निघाली, पण आतली कडी काही निघंना. नंतर ठोकणं बंद झालं.

तेव्हापासून ती असली हाय. लातूरला आली, ही जागा घेतली, वर पत्रे टाकले, क्लासला येणाऱ्या पोरी ठेवायला लागली. लोकांनी लाख सांगितलं, मजला चढव, क्लासच्या पोरी मावायच्या न्हाईत. ऐकेल तर शपथ! जिना चढत न्हाई, स्लॅबखाली पाय ठेवत न्हाई. लग्नकार्याला गेली तरी मांडवातच बसते. अन् स्वयंपाकघरातल्या फळीवर ती तांब्यांची उतरंड दिसती का? उलटे, एकावर एक ठेवलेत. भूकंपानंतर आमच्याकडं घराघरात लोक असं ठेवायचे. जमीन जरा हलली की तांबे खणखणायचे, लोक बाहेर पळायचे. बाकीच्यांनी कधीच सोडलं. हिच्या घरात अजून कायदा हाय: तांबे पडले की सगळ्यांनी रस्त्यावर, चपला घालायच्या न्हाईत, मागं बघायचं न्हाई.

लसूणभात ती दर रविवारी करते. पोरी त्याच्यावर तुटून पडतात. पण तिनं स्वतः त्या दिवसापासून एक शीत तोंडात टाकलं न्हाई. मीठसुद्धा चाखत न्हाई. "मलिकाभाभी, बघ गं," म्हणते अन् पळी माझ्यापुढं धरते. माझी जीभ भाजली तरी चालेल!

मुखेडकडून एक पोरगी आली, दीपमाला. बारावीला, डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे तिच्या बापाला व्हायचं होतं. बाप ईश्वरप्पा, बोलायला गोड, पण हटवादी. येतानाच पिशवीत नवी कोरी कडी अन् स्क्रू घेऊन आला. म्हणला, "पोरी गप्पा मारतात अक्का, अभ्यास मोडतो. कडी लावल्याबिगर माझी पोरगी इथं ठेवणार न्हाई." चतुराबाईनं साफ न्हाई म्हणून सांगितलं. तर पोरगीच रडायला लागली, "मावशी, लावू द्या ना, मला क्लासच्या पहिल्या बॅचमध्ये राहायचंय."

पोरगी रडली की विरघळली आमची बाई. कडी बसली. पण अट घातली: "मी दार वाजवलं की आतून दोनदा ठोकायचं. अभ्यास असू दे, झोप असू दे, दोनदा ठोकायचं." तिनं असं का म्हणलं ते पोरीला काय ठाऊक? हसली अन् हो म्हणली.

ती खोली स्वयंपाकघराला लागून, भिंतीला भिंत. दिवसातून दहादा चतुराबाई दारावर टकटक करायची. आतून दोनदा ठोकलं की पुन्हा पोळपाटावर. दीपमाला ताट खोलीत न्यायची अन् धुतल्यासारखं रिकामं परत द्यायची. चतुराबाई खूश. पण मला डोळे हायेत की! पोरीचे गाल आत चालले होते, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. म्हणलं, "भात जातो कुठं गं हिचा?" तर चतुराबाई माझ्यावरच खेकसली, "पोरीच्या खाण्याला दृष्ट लावू नको."

मग तो वास सुरू झाला. त्या खोलीपुढून गेलं की नासक्या लसणाचा. मी म्हणलं, उंदीर मेला असेल. असला वास चतुराबाईनं गावात ढिगाऱ्यापाशी घेतला होता, मला नंतर म्हणली. तरी दारावर टकटक केली की आतून दोनदा यायचं, म्हणून तिनं दार उघडायला लावलं न्हाई.

एका रविवारी क्लासमध्ये टेस्टची यादी लागली. दीपमाला पहिल्या बॅचमधून खाली गेली. आली तशी कडी लावून घेतली. दुपारी आम्ही भात करून राहिलो होतो. पोरी ताटं घेऊन बसल्या होत्या. चतुराबाईनं हाक दिली, आतून दोनदा आलं, पण लई हळू. तिनं कढई ठेवली, वरच्या फोडणीचा लसूण टाकला. तेवढ्यात भिंत धडकन वाजली अन् तांबे खाली! खण खण खण. पोरी किंचाळत रस्त्यावर, मी तेलाच्या हातांनी रस्त्यावर. मागं कोणी बघितलं न्हाई. कायदाच होता ना!

बाहेर येऊन बघते तर समोरचा पानवाला आरामात कात लावून राहिला. "काय झालं भाभी?" विजेची तार हलत न्हाई, कुत्रं भुंकत न्हाई. सगळं लातूर जागच्या जागी अन् आम्हीच तेवढ्या उन्हात अनवाणी उभ्या. चतुराबाई पोरींच्या डोक्यांवर हात ठेवत मोजत होती. एक कमी भरली.

तौबा, ती कशी पळाली! तांबे पडल्यावर आत जाणारी ती पहिलीच. दारावर टकटक केली. आतून काहीच न्हाई. पुन्हा केली. न्हाई. "साखरा!" म्हणून ओरडली, दीपमाला न्हाई, साखरा. मग खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला अन् कडीच्या जागी असा हाणला की फळीच फुटली.

पोरगी भिंतीशी पडलेली. बेशुद्ध होती, पण श्वास चालू होता. झोप येऊ नये म्हणून उभ्यानं वाचायची, चक्कर येऊन डोकं भिंतीवर आपटलं. खाटेखाली कॅरीबॅगा, गाठी मारलेल्या. सगळ्यांत आमचाच लसूणभात, बुरशी आलेला. क्लासात कोणी सांगितलं होतं म्हणे, भात खाल्ला की झोप येते. हिनं तेच धरलं. वर मावशीला वाईट वाटू नये म्हणून ताट पुसून द्यायची. स्वयंपाकघरात फोडणी जळून काळी झाली होती, तिच्याकडं कोणी बघितलं न्हाई.

दवाखान्यात सलाईन लावलं, वाचली. ईश्वरप्पा आला. माझ्या कानानं ऐकलं मी, डॉक्टरला त्याचा पहिला सवाल, "सोमवारच्या टेस्टला बसता येईल ना?" माझं डोकंच फिरलं, दोन शब्द सुनावले त्याला. तो म्हणला, "तुमच्या घरात शिस्त न्हाई." अन् पोरीला उचलून नेलं एका मोठ्या होस्टेलात. तिसरा मजला, लोखंडी दार, जाळीची खिडकी.

चतुराबाई दर रविवारी डबा घेऊन त्या इमारतीखाली जायची. वॉचमन आत सोडायचा न्हाई. मग तांब्यानं गेट ठोकायची. वरच्या जाळीवर दोनदा वाजायचं. तेवढं ऐकून परत यायची, डबा वॉचमनच खात असणार. एका रविवारी मी सोबत गेले. तिनं गेट ठोकलं. वर काहीच न्हाई. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट, म्हणलं ऐकू आलं नसेल. पुन्हा ठोकलं. मग कान देऊन ऐकलं, तर जाळीवर एकदाच वाजलं, नख लागल्यासारखं. दुसरं आलंच न्हाई.

डबा माझ्या हातात कोंबून ती वॉचमनला ढकलून आत घुसली. जी बाई जिना चढत न्हाई, ती तीन मजले चढली. मी खाली उभी राहून अल्लाचं नाव घेत होते; वरनं लोखंडी दारावर तांब्या आपटल्याचा अन् मग कडी तुटल्याचा आवाज आला. उतरली तेव्हा तोंड घामानं भिजलेलं, अन् दीपमाला खांद्यावर. ती जिवंत होती. डोळे उघडे, पण ओळख न्हाई. वॉचमन ओरडत होता, ओरडू दे मेल्याला.

आधी दवाखाना केला, मग पोरीला घरी आणून खाटेवर टेकवलं. चतुराबाईनं बूथवरून मुखेडला फोन लावला. "ईश्वरप्पा, पोरगी माझ्याकडं हाय. यायचं तर या, पण कडी आणू नका." अन् फोन ठेवून दिला.

मग पदर खोचून चुलीपुढं बसली. लसूण ठेचला, तेल तापवलं, तांदूळ परतला. खाटेवरनं पोरगी बघून राहिली होती. मी सवयीनं मीठ बघायला हात पुढं केला. तिनं माझा हात बाजूला सारला.

"राहू दे मलिकाभाभी," म्हणली, "आज मीठ मी बघते."

पहिला घास तिनं खाल्ला, दुसरा पोरीनं. मी तोंड फिरवून उरलेला लसूण सोलत बसले.