रिकाम्या टाकीचे दोन व्होल्ट

गेल्या श्रावणात एका सकाळी नेसरीहून रोज येणारा मिस्ड कॉल आला नाही. शैलजा चौगुले यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि गाडीची किल्ली शोधायला घेतली.

शैलजाताई कोल्हापुरात, शिवाजी पेठेत आमच्या शेजारी राहत. एका दूध प्रकल्पात त्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होत्या. टाकीत दूध किती, हे तिथे व्होल्टमध्ये कळे. रिकामी टाकी शून्य, भरलेली दहा. ताईंना ते शून्य खपत नसे. "टाकी रिकामी तरी शून्य, वायर तुटली तरी शून्य. वळखायचं कसं?" त्यांनी सगळे सिग्नल बदलून घेतले. रिकाम्या टाकीनेही दोन व्होल्ट द्यायचे. शून्य आले की वायर तुटली समजायचे.

हाच नियम त्या माणसांना लावत. फोनवर कोणी गप्प झाले की ओरडत, "हूं तरी म्हणा की! वायर तुटली काय?"

त्यांचे वडील, आप्पा, नेसरीत एकटे राहत. कोल्हापूरला यायचे नाव काढत नसत. मग ताईंनी अट घातली: सकाळी धार काढून झाली की एक मिस्ड कॉल.

"मी काय टाकी हाय व्हय गं?" आप्पा भडकले.

"टाकी बरी. ती भांडत न्हाय."

त्या सकाळी कॉल चुकला, तेव्हा ताईंचे पती दीपक म्हणाले, "चार्जिंग संपलं असंल."

"आणि नसंल तर?"

जिना उतरतानाच त्यांनी नेसरीच्या शेजाऱ्यांना फोन लावला. आप्पा गोठ्यात घसरून पडले होते. खुबा मोडला होता, फोन घरात राहिला होता.

शस्त्रक्रिया कोल्हापुरात झाली. काठी घेऊन चालू लागताच आप्पांनी गावी जायचा हट्ट धरला. त्याच सुमारास ताईंची गुजरातेतल्या प्रकल्पावर बदली झाली.

"मी तिकडं, तुम्ही नेसरीत. जमायचं न्हाय, आप्पा. इथं दीपकजवळ ऱ्हावा."

"मी पडलो ते तुला कळलं. परमुलखात तू पडलीस तर मला कोण सांगणार? तू बी रोज कॉल द्यायचा. टाकी मी एकटाच हाय व्हय?"

ताई काही बोलल्या नाहीत. दीपक आतल्या खोलीतून ओरडले, "हूं तरी म्हण की! वायर तुटली काय?"

"हूं," ताई म्हणाल्या.

आप्पा आता नेसरीत आहेत, ताई गुजरातेत. आज सकाळी दोघांचेही फोन वाजले.